दोन खोल्यांचा त्याग

मुसाजी थळकरांनी ‘मी’ म्हणायचं सोडलं, त्याला आता महिना होत आला होता आणि या गोष्टीचा त्यांना मनापासून अभिमान वाटत होता.

पिंपरीतल्या बाटल्यांच्या कारखान्यात ते तपासनीस होते. इंजेक्शनाच्या औषधासाठी केलेल्या काचेच्या बाटल्या गार होऊन टेबलावर आल्या की एकेक उचलायची, दिव्यासमोर धरायची, फिरवायची आणि काचेत बुडबुडा दिसला की शेजारच्या पिंपात टाकायची. दिवसभर दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची आणि पहिल्या तारखेला त्याचाच पगार घ्यायचा, अशी नोकरी फार थोड्यांच्या नशिबी येते. बाकीचे लोक हे काम फुकट करतात.

थळकर हे बेने इस्राएल, म्हणजे कुलाबा जिल्ह्यातले मराठी बोलणारे यहुदी. आजोबांचा थळ गावी तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. घाणा गेला, शनिवार राहिला. कारखान्याला मात्र शनिवारचं काही कौतुक नव्हतं. काचेची भट्टी एकदा पेटली की ती वार विचारत नाही, त्यामुळे सुट्ट्या वाटून दिलेल्या असत. मुसाजींच्या वाट्याला रविवार आला होता, आणि त्याच टेबलावर काम करणाऱ्या थेरगावच्या दत्तोबाच्या वाट्याला शनिवार. दोघांनी सुट्टी आपसात बदलून घेतली. दत्तोबाच्या गावात कुस्त्या रविवारी होत, त्यामुळे दोन्ही धर्मांची सोय झाली.

कबाला हे यहुदी धर्मातलं गूढ शास्त्र. चाळिशी उलटल्याशिवाय त्याला हात लावू नये असा जुना दंडक आहे. बाकीची माणसं पेन्शनची वाट पाहतात तशी मुसाजी चाळिशीची वाट पाहत होते. ती उलटली तशी पुण्याला रास्ता पेठेतल्या प्रार्थनामंदिरात त्यांनी एका निवृत्त मास्तरांना गाठलं आणि त्यांच्याकडून एक जाडजूड पुस्तक वाचायला आणलं. कबालाच्या ग्रंथांतले निवडक उतारे, डाव्या पानावर हिब्रू आणि उजव्या पानावर मास्तरांनी स्वतः केलेलं मराठी. मास्तर म्हणाले होते, “वाचून अहंकार कमी होतो. झाला नाही तर पुस्तक परत करा.”

शास्त्र मुसाजींना समजलं ते असं. माणूस म्हणजे नुसती घेण्याची इच्छा. तो पाळण्यात असल्यापासून घेतो. देव म्हणजे निव्वळ देणं. माणसाला देवाच्या जवळ जायचं असेल तर त्याने अंतर तोडण्याची गरज नाही, स्वभाव बदलण्याची आहे. त्यातला एक उतारा तर मुसाजींना पाठच झाला होता. आरंभी सगळीकडे देवाचाच प्रकाश ओतप्रोत भरलेला होता, त्यात जगाला उभं राहायला जागाच नव्हती. म्हणून देवाने स्वतःला आवरून घेतलं, तो मागे सरला, आणि त्या रिकाम्या झालेल्या जागेत हे जग झालं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मुसाजींचे डोळे भरून आले, आणि त्यांनी मुलांना ओरडून सांगितलं की बाहेर जाऊन खेळा, इथे वाचन चाललंय.

‘इथे’ म्हणजे कारखान्याच्या चाळीतली त्यांची एक खोली. खोलीत एका भिंतीला चूल, दुसऱ्या भिंतीला वळकट्या, तिसरीला मोरी. चौथ्या भिंतीला टेबल आणि खुर्ची. टेबलाच्या बरोबर वर खोलीतला एकुलता एक दिवा. मुसाजी कामावरून येत, हातपाय धूत आणि टेबलाशी बसत. अहंकार घालवायला शांतता लागते. त्यामुळे धाकटे दोघे मुलगे ओट्यावर जात, रिबकाबाई भांडी न वाजवता भांडी घासत, आणि थोरली दीना मोरीत जाई. दीना मॅट्रिकला होती. परीक्षा तोंडावर आली होती. मोरीला गोणपाटाचा पडदा होता, आत पाट टाकता येई आणि पडदा थोडा सारला की दिव्याचा उजेड वहीवर येई. भूमितीचं पुस्तक तीनदा भिजून वाळलं होतं आणि आता ते मिटत नव्हतं.

‘मी’ सोडल्यावर बोलायची जरा पंचाईत होई. पुस्तकात ‘मी’ला पर्यायी शब्द दिलेला नव्हता, तेव्हा मुसाजींनी तो स्वतःच शोधला.

“दत्तोबा, हे शरीर रविवारी सकाळच्या शिफ्टला येईल.”

“येताना शरीराला माझा अडकित्ता आणाय सांगा,” दत्तोबा बाटली न्याहाळत म्हणाला. “मागच्या आठवड्यात कोणी नेला म्हाईत न्हाई. शरीरानंच नेला आसंल.”

शास्त्र एकट्याने वाचू नये, जोडीदार असावा, असंही मास्तरांनी सांगितलं होतं. जोडीदार मिळाला तो हसाजी आपटेकर. हेही बेने इस्राएल, हेही चाळिशी उलटलेले, कारखान्याच्या भांडारात कारकून. घरात ते आणि बायको मिलकाबाई, दोघंच; एकुलती एक मुलगी लग्न होऊन ठाण्याला दिलेली. हसाजींचा आवाज चांगला होता आणि ते हार्मोनियमवर कीर्तन करीत. शनिवारी दुपारी ते मुसाजींकडे येत आणि दोघं टेबलाशी बसून आळीपाळीने वाचत.

पहिले काही शनिवार ठीक गेले. मग दोघांच्याही लक्षात आलं की समोरचा आपल्यापेक्षा नम्र होत चाललाय.

दारातून आत आधी कोणी जायचं, यावरून ते उंबऱ्यात उभे राहू लागले. एकदा पाठीमागून रिबकाबाई आल्या आणि दोघांच्या मधून आत गेल्या, तेव्हा तो प्रश्न सुटला. बशीत शेवटची नानकटाई राहिली की दोघंही तिच्याकडे पाहायचे नाहीत. “तुम्ही घ्या.” “छे छे, तुम्हीच.” “इच्छाच उरली नाही हो.” “अहो, ती तर इकडे कधीचीच गेली.” नानकटाई शेवटी धाकटा मुलगा उचली. त्याने अजून कबाला वाचलेला नव्हता.

मुसाजी या सगळ्याने आतल्या आत वैतागले होते. रोज वाचावं, रोज स्वतःला तपासावं, आणि रोज तोच माल निघावा. एखाद्या दिवशी वाटे, गेला. आज अहंकार गेला. आणि लगेच मनात येई की हे हसाजींना कसं कळवावं. कारखान्यात खोट असलेली बाटली पिंपात टाकता येत होती, भट्टीत वितळवून तिची पुन्हा चांगली बाटली होत होती. इथे पिंप नव्हतं आणि भट्टी कुठे आहे ते पुस्तक काही नीट सांगत नव्हतं.

अशात चाळीच्या टोकाची दोन खोल्यांची जागा रिकामी झाली.

दोन खोल्या, दोन दिवे आणि आत नळ. चाळीचे कारभारी बबनराव हे पलटणीतून निवृत्त झालेले साताऱ्याकडचे गृहस्थ. त्यांनी सोमवारी मुसाजी आणि हसाजींना बोलावून घेतलं.

“जागा एक हाय, माणसं दोन हायती,” बबनराव म्हणाले. “दोघंबी एकाच दिवशी कामाला लागलात, पगार सारखा, कागद सारखा. सायेब म्हणाले, त्यांचं त्यांना ठरवू दे. बोला.”

“हसाजींना द्या,” मुसाजी म्हणाले.

“अहो नाही, मुसाजींना द्या. त्यांचं कुटुंब मोठं,” हसाजी म्हणाले.

“कुटुंब कोणाचं असतं, हसाजी? सगळे पाहुणे. आणि तुमच्या हार्मोनियमला जागा नाही.”

“हार्मोनियमचं काय घेऊन बसलात, ती आम्ही मनातल्या मनात वाजवू.”

बबनरावांनी एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं. “मुसाजीराव, सरळ सांगा. जागा पायजे का नको?”

“या शरीराला काय, चार हात जमीन पुरते.”

“तेवढी मी देत न्हाई. ती मुन्शिपालटीकडं मागा,” बबनराव म्हणाले. “आन हसाजी, तुम्ही?”

“मुसाजींनी सोडली म्हटल्यावर ती जागा घ्यायला हात कसा उचलेल?”

“म्हंजे त्यांनी घेतली असती तर तुमचा उचलला असता?”

हसाजी यावर नुसते हसले.

बबनरावांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी परत घातली. “लोक जागेसाठी माझ्या दारात भांडत्यात. ते मला समजतं. त्याच्यावर इलाज हाय. न भांडणाऱ्यावर इलाज न्हाई. आता ऐका. शनिवारी पाच वाजता मी किल्ली घेऊन चाळीपुढं हुबा ऱ्हाईन. दोघांपैकी ज्याला पायजे त्यानं यावं. कोणीच आलं न्हाई तर भट्टीवरच्या भैरू मिस्तरीला देणार. त्यानं मागितली हाय, आन माणसासारखी मागितली हाय.”

परत जाताना दोघंही एकमेकांच्या मागे राहण्याचा प्रयत्न करत होते, त्यामुळे त्यांना घरी पोचायला बराच वेळ लागला.

मुसाजींनी घरी काही सांगितलं नाही. सांगितलं तर त्यागाची वाच्यता होते आणि त्याचं पुण्य उतरतं, असा त्यांचा हिशेब. दोन दिवसांनी दत्तोबा सुट्टीच्या अदलाबदलीचं विचारायला दारात आला. रिबकाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“वैनी, नवी जागा कवा घेताय?” दत्तोबाने विचारलं. “सामान उचलाय येतो मी. ते टेबल एकट्याचं काम न्हाई.”

“कसली जागा, दत्तोबाभावजी?”

दत्तोबाने मुसाजींकडे पाहिलं. मुसाजींनी पुस्तकात पाहिलं. दत्तोबाला मग सगळं सांगावं लागलं, आणि सांगून झाल्यावर त्याला थेरगावला जायची एकदम घाई झाली.

रिबकाबाईंनी सूप खाली ठेवलं.

“नळ आत आहे म्हणे,” त्या म्हणाल्या.

“नळ बाहेर असला काय, आत असला काय. पाणी तेच.”

“पाणी तेच. आणणारी कोण?”

मुसाजींनी चष्मा काढला. समजूत घालायची असली की ते चष्मा काढीत. “हे बघ, हे परीक्षेचे क्षण असतात. हातात आलेली वस्तू सोडणं, हाच खरा अभ्यास. घेण्याची इच्छा जेव्हा—”

“तुमचा अहंकार तुम्ही सोडलात, चांगलं केलंत,” रिबकाबाई म्हणाल्या. “माझी खोली कशाला सोडलीत?”

मोरीच्या पडद्याआड दीना कोनाचे दुभाजक म्हणत होती. ती थांबली, आणि मग हळू आवाजात पुन्हा सुरू झाली.

रिबकाबाई त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. सकाळी चहा मिळे, डबा मिळे, संध्याकाळी जेवण मिळे. दुसऱ्या दिवशी भाकरी नेहमीइतकीच चांगली झाली होती आणि हे मुसाजींना फार लागलं. करपली असती तर निदान काही बोलता आलं असतं. ही आपल्यावर आलेली कसोटी आहे, असं त्यांनी मनाला सांगितलं आणि मनाने ते लगेच ऐकलं. तेवढ्यावरूनच त्यांना संशय यायला हवा होता.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत रिबकाबाईंनी शब्बाथचे, म्हणजे पवित्र शनिवारचे, दिवे लावले. शनिवारी सकाळी प्रार्थना झाली, दुपारी आदल्या दिवशी केलेलं गार जेवण झालं. आणि नेहमीप्रमाणे हसाजी आले. उंबऱ्यात त्या दिवशी त्यांनी फार ताणलं नाही, लवकर आत आले.

वाचायची पाळी हसाजींची होती. उतारा पाहुण्याचा होता. एक पाहुणा आहे, यजमानाने त्याच्यापुढे पान वाढलंय. पाहुणा नको म्हणतो. का नको म्हणतो? भूक नाही म्हणून नव्हे. घेतलं तर मी घेणारा ठरेन, लहान ठरेन, म्हणून. त्याचं नको म्हणणं हेही एक घेणंच आहे. तो अन्न सोडतो आणि मान घेतो. यजमान बिचारा वाढलेलं ताट घेऊन उभाच. पुढे लिहिलं होतं की घेणं वाईट नाही आणि सोडणं चांगलं नाही. कोणासाठी घेतलं आणि कोणासाठी सोडलं, एवढंच विचारावं.

“गहन आहे,” हसाजी म्हणाले, आणि घड्याळाकडे पाहिलं.

“फारच,” मुसाजी म्हणाले. त्यांनीही पाहिलं. चार वाजून गेले होते.

“मग,” हसाजी पान न उलटता म्हणाले, “पाच वाजता आपण दोघंही जायचं नाही, असंच ना?”

“ते तर ठरलेलंच आहे.”

“नाही, म्हणजे पक्कं ना? तुम्ही काही जाणार नाही ना?”

“हे शरीर इथून हलणार नाही.”

“उत्तम. आता बबनराव काय, मनाचे चांगले आहेत. तोंडाने म्हणतात भैरूला देईन, पण देणार नाहीत. घरी येऊन एखाद्याच्या गळ्यातच घालतील. म्हणजे ज्याने अगदी शेवटपर्यंत नको म्हटलं, त्याच्या. तेव्हा आला नाइलाज. मिलकाने भिंतीचं मापसुद्धा—” हसाजी थांबले. “बायकांचं आपलं काहीतरी.”

मुसाजींनी हसाजींकडे पाहिलं. इतकी वर्षं बाटल्या पाहिल्यावर डोळा तयार होतो. बुडबुडा काचेच्या अगदी मधोमध होता, गोल, मोठा आणि सुंदर. मुसाजींना क्षणभर फार बरं वाटलं. हा माणूस जागेवर डोळा ठेवून नम्र होत होता तर. आणि आपण? आपल्याला जागा नकोच होती. आपल्याला फक्त पिंपरीत अशी बोलवा हवी होती की थळकरांनी दोन खोल्या सोडल्या. त्यासाठी आपण बायकोची एक खोली दिली आणि पोरीची एक.

हे बरं वाटणं तिथेच संपलं.

इतक्यात मोरीचा पडदा सरला आणि दीना बाहेर आली. पाटावर बसून तिच्या पायाला मुंग्या आल्या असाव्यात. हातात फुगलेली भूमिती. टेबलापाशी दोन थोर पुरुष बसलेले. भिंत आणि खुर्ची यांच्यामध्ये वीतभर जागा. ती अंग चोरून, पोट आत घेऊन, खुर्चीला धक्का न लावता त्यातून गेली, हंड्यातलं पाणी प्याली, पेला न वाजवता उपडा ठेवला आणि तशीच अंग चोरून परत गेली. पडदा ओढून घेताना ती म्हणाली, “बाबा, मी मनातल्या मनात म्हणते हं. तुमचं चालू द्या.”

मुसाजी पडद्याकडे पाहत राहिले. स्वतःला आवरून घ्यायचं, मागे सरायचं, दुसऱ्याला जागा करून द्यायची, या उताऱ्याने त्यांचे डोळे भरून येत. या घरात तो अभ्यास कोणीतरी कधीच पुरा केला होता आणि ते मोरीत बसलं होतं. प्रकाशाच्या नावाने खोलीभर पसरला होता तो आपणच.

“मला जागा हवी,” मुसाजी म्हणाले.

हसाजींना प्रथम कोण बोललं तेच कळलं नाही. “कोणाला?”

“मला. मुसाजी थळकराला. दोन्ही खोल्या.”

“अहो, पण आत्ताच तुम्ही—”

“हो. आत्ताच म्हणालो. आता हे म्हणतो.”

“आज शब्बाथ आहे,” हसाजी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “व्यवहाराचं बोलणं बरं नव्हे.”

“व्यवहार नाही. मागतोय. भीक समजा.”

मुसाजी उठले. चुलीपाशी रिबकाबाई त्यांच्याकडे न बघता बसून होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या चपला शोधू लागल्या.

चाळीपुढे बबनराव किल्ली घेऊन उभे होते. जागा कोणाला जाते ते पाहायला चाळीतली निम्मी माणसं ओट्यांवर जमली होती. थळकर आणि आपटेकर यांनी जागा सोडल्याची बातमी आठवडाभर पसरत होती. ती पसरावी एवढी काळजी दोघांनीही घेतली होती. भैरू मिस्तरी आंघोळ करून, टोपी घालून बबनरावांच्या शेजारी उभा होता. दत्तोबा कामावरून सुटून तसाच आला होता.

“बबनराव, जागा मला द्या,” मुसाजी म्हणाले.

ओट्यांवर कुजबुज झाली. कोणीतरी खाकरलं.

“शरीराला का तुम्हाला?” बबनरावांनी विचारलं.

“मला.”

“आन चार हात जमीन?”

मुसाजींकडे याचं उत्तर होतं. पाहुण्याचा उतारा, घेण्यातलं देणं, सोडण्यातला लोभ, सगळं जिभेवर आलं होतं. सोप्या शब्दांत सांगितलं असतं तर लोकांना पटलंही असतं, आणि संध्याकाळपर्यंत थळकर पुन्हा महात्मा झाले असते. पहिल्यापेक्षा मोठे.

“ते उगाच बोललो होतो,” मुसाजी म्हणाले. “घर लहान पडतं.”

“मग सोमवारी काय झालतं?”

“सोमवारीही लहानच पडत होतं.”

भैरू मिस्तरीने टोपी काढून काखेत मारली. “मोठ्या लोकांचं आसंच आसतं,” तो कोणाकडेच न पाहता म्हणाला आणि निघून गेला. ओट्यावरची छबूबाई शेजारणीला म्हणाली, “बघितलंस? पोथ्या वाचून वाचून शेवटी मिस्तरीच्या तोंडचा घास काढला.” हे तिने हळू सांगितलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

बबनरावांनी किल्ली पुढे केली. मुसाजींनी हात मागे घेतला.

“आता काय?” बबनराव म्हणाले.

“आज शब्बाथ. घराबाहेर काही हातात धरून न्यायचं नाही. किल्लीही नाही.”

बबनरावांनी डोळे मिटले. पलटणीत माणसाला जे शिकवतात ते सगळं त्यांनी त्या वेळी वापरलं असावं. “मुसाजीराव,” ते अगदी शांतपणे म्हणाले, “सोमवारी तुम्ही जागा घेत न्हवता. आता जागा घेता, पन किल्ली घेत न्हाई.”

“चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपतो. मग घेतो.”

“मी चांदण्यांची वाट बघत हुबा ऱ्हानार न्हाई. मला जेवण हाय.” त्यांनी किल्ली बोटाला अडकवली. “चला. कुलूप मी उघडतो. दार मी ढकलतो. आत पाय तेवढा तुमी टाका. तेवढं जमंल ना धर्मात?”

“जमेल.”

मग चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते चालत गेले. पुढे बबनराव, मागे मोकळ्या हातांनी मुसाजी, त्यांच्या मागे रिबकाबाई, मुलगे, दीना, दत्तोबा, आणि कोणाला काही काम नसल्यामुळे बाकीचे सगळे. चाळ काही फार लांब नव्हती, पण मुसाजींना ती त्या दिवशी फार लांब वाटली. प्रत्येक ओट्यावरून कोणीतरी पाहत होतं आणि प्रत्येक चेहऱ्यावर छबूबाईचंच वाक्य वाचता येत होतं. एकदा त्यांना वाटलं, वळावं आणि सांगावं की हे माझ्यासाठी नाही, पोरीसाठी आहे. ते वळले नाहीत. ते सांगितलं असतं तर ते पुन्हा त्यांच्यासाठीच झालं असतं.

दार उघडलं. मुसाजींनी आत पाय टाकला. खोल्या लहानच होत्या. मुलगे नळाकडे धावले. दीना आतल्या खोलीत गेली, हात दोन्हीकडे पसरून एकदा स्वतःभोवती फिरली. कशालाच लागले नाहीत, असं बघून ती परत एकदा फिरली.

रिबकाबाई दारात उभ्या होत्या. “भिंतीला ओल आहे,” त्या म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याची इतकी स्तुती कधी केली नव्हती.

“आता शरीर कुठं बसनार, मुसाजीराव?” दत्तोबाने विचारलं.

“बाहेरच्या खोलीत. ओट्यावर. बघू.”

“अन टेबल?”

“टेबल आत जाईल. दीनाला.”

“मंग उद्या येतो उचलाय. उद्या माझी सुट्टी हाय का तुमची?”

“उद्या माझी शिफ्ट. तुझी सुट्टी.”

“माझी शिफ्ट म्हनला,” दत्तोबा रिबकाबाईंना म्हणाला. “सुधारतोय मानूस.”

कारखान्यात पुढचा आठवडा वाईट गेला. चाळीत एका शनिवारात एक माणूस लोभी ठरला आणि दुसरा संत, कारण जागा एकाने घेतली म्हणजे दुसऱ्याने दिली, हा हिशेब सोपा होता. भांडारापाशी लोक हसाजींना वाट करून देऊ लागले. कॅन्टीनमध्ये शालनबाईने हसाजींच्या कपात साय जास्त घातली. मुसाजींना मात्र चहा देताना ती म्हणाली, “तुम्हाला काय, आता घरीच नळ.” भट्टीवरचे लोक मुसाजी आले की भैरूच्या मुलांची तब्येत मोठ्याने विचारीत. खुद्द हसाजींनी कोणाला काही सांगितलं नाही. कोणी विचारलं की ते फक्त वर पाहत आणि हात जोडीत. यापेक्षा सांगितलेलं परवडलं असतं.

शनिवारी ते वाचायला आले. बाहेरच्या खोलीत आता एक चटई होती. मुसाजी तिच्यावर बसले होते, पुस्तक मांडीवर, आणि पाय दुखत होते. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि पलीकडून दीनाचा भूमिती म्हणण्याचा आवाज येत होता. खणखणीत, मोठा, मध्येच चुकणारा आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणारा. त्यात वाचणं जवळजवळ अशक्य होतं.

हसाजी सरळ आत आले. चटईवर बसले. त्यांनी मुसाजींच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“मुसाजी, मनाला लावून घेऊ नका,” ते म्हणाले. “मोह कोणाला चुकला नाही. तुमच्या जागी दुसरा असता तरी हेच झालं असतं. माझ्या मनात काहीसुद्धा नाही. मी तर मिलकाला म्हटलं, जाऊ दे, त्यांना अजून जमत नाही. जमेल हळूहळू.”

मुसाजींनी तोंड उघडलं. मिलकाबाईंनी घेतलेलं भिंतीचं माप त्यांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पाहुण्याचा उताराही आला होता, पानाच्या आकड्यासकट. आतून दीना म्हणत होती, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची.

सगळं गिळायला त्यांना वेळ लागला. घशातून ते काचेसारखं खाली गेलं.

“तुमचं खरं आहे, हसाजी,” ते म्हणाले. “वाचा पुढे.”